मॉरिसची पंट आणि आबांचं डांबर

मला लाकडातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासणारी बाई मी. शेचाळीस वर्षांत करवत हातात धरली नव्हती. तरी गेल्या ऑगस्टमध्ये नवऱ्याची गाडी गॅरेजमधून रस्त्यावर काढली आणि तिच्या जागी एक पंधरा फुटी, शेवाळलेली, कुजकी बोट आणून ठेवली. यतीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आधी गाडीकडे बघितलं, मग बोटीकडे.

"रूपाली, लोक या वयात योगा क्लास लावतात गं," तो म्हणाला. यतीन सदाशिव पेठेतला. तो वैतागतोसुद्धा सावकाश. मी पैठणची, भोयाची पोरगी. माझा भडका उडायला काडी लागत नाही.

"तुला नाही कळायचं," मी म्हणाले. "आबांसाठी आहे."

आबा म्हणजे माझे वडील, कडूबा. आई गेल्यावर दीड वर्षाने, जूनमध्ये, ते पहिल्यांदाच इकडे नॉटिंगहॅमला आले. एरवी पैठणला माझ्या भावाकडे, शशीकडे असतात. पण मी हट्टच धरला होता. परतीचं तिकीट नऊ ऑक्टोबरचं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "एवढ्या लांब परत काही येणं व्हायचं नाही बाई आता. एकदा बघून घेतो." आणि बघायचं काय, तर खिडकी. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसायचे ते बसायचेच. बस गेली, कचरा उचलणारे बिनवाले आले, मांजर गेलं. टीव्ही लावू का म्हटलं की "राहू दे." बाहेर जाऊ या का म्हटलं की "तू म्हणशील तसं." हे 'तू म्हणशील तसं' ऐकलं की मी उठून किचनमध्ये जायचे. त्याला कारण होतं.

आबांचं आयुष्य पाण्यावर गेलं. आधी गोदावरीवर, मग जायकवाडीचं धरण झाल्यावर नाथसागरावर. दहा हातांची लाकडी नाव होती आमची. शाळेच्या आधी सकाळी मी त्यांच्याबरोबर जाळी काढायला जायचे. मी पुढे, ते मागे वल्हं घेऊन. घरात दोन शब्दांवर तिसरा न बोलणारे आबा पाण्यावर गेले की वेगळेच व्हायचे. गाणी म्हणायचे, मला रागवायचे, जाळ्यातून निसटलेल्या माशाला त्याच्या खानदानासकट शिव्या द्यायचे. दिवाळीनंतर बदकांचे थवे उतरायला लागले की वल्हं थांबवून म्हणायचे, "आले बघ पाहुणे. आवाज करू नको." आणि मग आम्ही दोघं गप बसून बघत राहायचो. शाळेला उशीर व्हायचा, बाई छडी मारायच्या, पण मला त्याचं काहीच वाटायचं नाही. तेवढं सुख मला नंतर कुठे मिळालं, मी आठवून बघते, तर चटकन सांगता येत नाही.

मग २००३ चा मे आला. नाथसागर एरवी गरीब, पण वारा सुटला की पुरुषभर लाट उठते. त्या दुपारी आबांची नाव उलटली. उलट्या नावेला धरून ते चार तास पाण्यात होते. सोबत आमचे मामा होते, ते दुसऱ्या दिवशी सापडले. मी तेव्हा चोवीस वर्षांची, पुण्यात नुकती नोकरीला लागलेली. मामांचं तेरावं करून परत गेले आणि गावातल्या किराणा दुकानाच्या कॉइन बॉक्सवर फोन लावून आबांना बोलावून घेतलं. म्हणाले, "आबा, बास झालं. आता पाण्यावर जायचं नाही. मी कमावतेय ना?" एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण माझं तोंड! पुढे म्हणाले, "आणि इथे लोक विचारतात वडील काय करतात. मला सांगायला कसंतरी होतं."

मग आबा म्हणाले, "बरं. नाही जात."

आणि खरंच गेले नाहीत. एकदाही नाही. नाव काठावर पालथी पडून सडली. आई फोनवर मला ऐकवायची, "तुझ्या एका शब्दावर ह्यांनी पाणी सोडलं बघ. दिवसभर ओट्यावर बसून असतात." चोपन्नाव्या वर्षी मी माझ्या बापाला रिटायर केलं, तेही फोनवर. त्यांनी कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, ते आणखीनच लागायचं. बावीस वर्षं हे माझ्या उरावर बसलेलं आहे. यतीनलाही मी सगळं सांगितलेलं नव्हतं.

तर जुलैच्या अखेरीस आमच्याच रस्त्यावर राहणाऱ्या ग्लेनिसने आम्हाला चहाला बोलावलं. ग्लेनिस ऐंशीची, एकटी, ठणठणीत. तिच्या बागेत कुंपणाला लागून, काटेरी वेलींच्या खाली, एक बोट पालथी पडली होती. तिच्या नवऱ्याने, मॉरिसने, तरुणपणी स्वतः बांधलेली. बदकांच्या शिकारीची बोट ती. तिला पंट म्हणतात. तळ सपाट, काठ अगदी बुटके. आत पोटावर झोपायचं, बंदूक पुढे करायची आणि लव्हाळ्यातून हळूहळू बदकांकडे सरकायचं. प्लायवूडची बांधलेली, आणि वरून नंतर कधीतरी फायबरग्लासचं कातडं चढवलेलं. मॉरिस जाऊन सहा वर्षं झाली होती आणि ग्लेनिस आता कौन्सिलला फोन करून ती टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, न्यायला सांगणार होती.

मी हे आबांना मराठीत सांगेपर्यंत आबा खुर्चीतून उठून बागेत गेलेसुद्धा. वेली बाजूला केल्या. वाकून बोटीच्या तळावर बोटाच्या पेराने टकटक केलं. थोडं पुढे सरकून पुन्हा टकटक. कलिंगड बघतात तसं. मग मान वर करून म्हणाले, "वरून धडधाकट आहे. आतून कुजली." आणि जरा थांबून, "पोटावर झोपून मारायचा म्हणतीस? मग बदक बघून हसत असंल त्याला."

आल्याच्या त्या दुसऱ्या दिवसानंतर आपणहून बोललेलं ते पहिलंच होतं. मी तिथल्या तिथे ग्लेनिसला म्हणाले, "टिपवर नको पाठवूस. मी नेते." माझ्या डोक्यात सगळं लखलखीत दिसायला लागलं होतं: बोट दुरुस्त करायची, नऊ ऑक्टोबरच्या आत पाण्यात सोडायची, आणि आबांच्या हातात वल्हं द्यायचं. मी काढून घेतलं होतं ते मीच परत करायचं. दुसरं काही मला नको होतं.

आता पुढचं हसू नका. पहिल्या दिवशी मी हाफ बाह्यांचा टीशर्ट घालून फायबरग्लास घासायला बसले. त्याची काचेची बारीक कूस अंगात शिरते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस मी लॅबमध्ये माकडासारखी खाजवत होते. मग रेझिन, म्हणजे फायबरग्लासचं कापड चिकटवायचा राळेसारखा चीक. रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर मोजून कालवायचं असतं, थोडं थोडं. मी म्हटलं एकदाच करून ठेवू, आणि श्रीखंडाचा रिकामा एक किलोचा डबा भरून कालवलं. पाच मिनिटांत डबा गरम, दहा मिनिटांत त्यातून धूर, आणि मग डब्याचा तळ वितळून सगळा ऐवज यतीनच्या टूलबॉक्सवर. यतीन दारात उभा राहून म्हणाला, "केशर घातलं होतंस का?"

आबा गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून हे सगळं बघायचे. खिडकी सुटली, हे मात्र झालं. हात लावायचे नाहीत; मीच म्हणायचे, "आबा, तुम्ही बसा, धूळ आहे, औषधं विषारी आहेत." ते बसायचे.

फायबरचं सुटलेलं कातडं काढल्यावर खालचं प्लायवूड दिसलं. एका स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं होतं आणि कातड्यामुळे बाहेर पडायची वाट नव्हती. तळाचा हातभर तुकडा ओल्या केकसारखा झाला होता. तो कापून काढला. नवीन प्लायवूडचे तुकडे बेतून स्क्रूने बसवले. ते बेतताना माझे चार तुकडे वाया गेले, पण पाचवा बसला तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटीच नाचले. आता राहिलं ते वाळवणं. इंटरनेटवर बोटवाल्या लोकांचा एक फोरम आहे, तिथले सगळे म्हातारे एकमुखाने सांगत होते: लाकूड कोरडं ठणठणीत झाल्याशिवाय वरून रेझिन आणि कापड लावू नकोस, नाहीतर वर्षात सगळं सोलून निघेल. मी ओल मोजायचं यंत्र आणलं, हवा कोरडी करायचं मशीन आणून गॅरेजमध्ये रात्रंदिवस लावलं. एकतीसवर असलेला आकडा पाच आठवड्यांत तेरावर आला. सत्तावीस सप्टेंबरच्या शनिवारी कापड चढवायचं, आठवडाभर घट्ट होऊ द्यायचं, पाच ऑक्टोबरच्या रविवारी पाण्यात. आबा चार दिवसांनी विमानात. सगळं बरोबर बसत होतं.

"नाव वाळवतात का कुठं?" आबा मधूनमधून म्हणायचे. "पाण्यातली वस्तू आहे ती. तहानली बिचारी."

"आबा, ही वेगळी आहे. नंतर सांगते," मी म्हणायचे. शिफ्टला उशीर झालेला असायचा. ते नंतर कधी झालंच नाही.

पंचवीस तारखेला, गुरुवारी, मी दुपारी शिफ्ट संपवून आले. गॅरेजच्या दाराखालून पाणी वाहत रस्त्यावर येत होतं. मला वाटलं पाइप फुटला. दार वर केलं. आतलं मशीन नीट बंद करून, वायर गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेलं. बोटीच्या फटींना आतून-बाहेरून चिंध्या ठासलेल्या. आणि पंट काठोकाठ पाण्याने भरलेली. बागेतला नळीचा पाइप तिच्यात सोडलेला होता आणि आबा बाजूला उभे, धोतर खोचलेलं, तोंडावर असं समाधान की मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

"सकाळपासून भरू राहिलो," ते म्हणाले. "परवापर्यंत फुगंल लाकूड. शिवणी अशा बसतील, थेंब यायचा नाही आत."

माझ्या डोळ्यांसमोर तो तेराचा आकडा नाचला. आणि मी सुटले.

"आबा, काय केलंत हे! प्लायवूड आहे ते, फुगून बसत नाही, उकलतं! पाच आठवडे वाळवत होते मी, पाच आठवडे! तुम्हाला कुणी सांगितलं होतं? काही कळत नाही तर हात कशाला लावायचा? कशालाच हात लावू नका तुम्ही!"

समोरच्या घरातली बाई पडदा सरकवून बघायला लागली. आबांनी माझ्याकडे बघितलं. मग ते हळूच जाऊन नळ बंद करून आले.

"बरं," ते म्हणाले. "नाही लावत."

तोच आवाज. कॉइन बॉक्सवरचा. त्यांनी पाइपचं नीट वेटोळं करून खुंटीला लावलं, पाय पुसले आणि आत गेले. मी तिथेच ओल्या जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. बोटीसाठी नाही. बोट गेली खड्ड्यात.

रडता रडताच मला आठवलं. आमच्या नावेची डागडुजी झाली की दरवर्षी आबा ती काठाशी पाण्यात बुडवून ठेवायचे. आठ दिवस. उन्हाने आटलेल्या फळ्या फुगून एकमेकींना घट्ट भिडायच्या. आम्ही पोरं त्या बुडवलेल्या नावेत डुंबायचो. आमचा स्विमिंग पूल होता तो. म्हणजे मला माहीत होतं. त्यांनी कुठलाही वेडेपणा केला नव्हता. जे चाळीस वर्षं केलं, जे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तेच त्यांनी केलं होतं, आणि मला 'तहानली' म्हणून आधी सांगितलंही होतं. मीच पाच मिनिटं थांबून प्लायवूड म्हणजे काय ते सांगितलं नव्हतं.

पाणी काढून टाकलं. यंत्र लावून बघितलं, तर आकडा पस्तीसच्या वर. फोरमवर विचारलं, आता दहा दिवसांत रेझिन लावता येईल का? पंधरा मिनिटांत सात म्हातारे 'नाही' म्हणून मोकळे झाले.

शुक्रवारी आबा परत खिडकीत. शनिवारी सकाळी बघते तर पलंगाखालची बॅग काढून त्यांनी सदरे भरायला घेतलेले. अजून बारा दिवस होते. यतीन मला किचनमध्ये म्हणाला, "बोटीचं नंतर बघ. आधी त्यांच्याशी बोल. आणि बोल म्हणजे ओरडू नकोस."

मी जाऊन आबांच्या खुर्चीपाशी खाली बसले.

"आबा, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं. मला इकडचं काही माहीत नाही."

"मला इकडचं माहीत आहे, तरी पाच आठवड्यांत एक भोक बुजलं नाही," मी म्हणाले. "रेझिन आता लागत नाही. मला काही सुचत नाही. तुम्ही सांगा काय करायचं. तुम्ही म्हणाल तसं करते."

आबांनी खिडकीबाहेर बघितलं. एक बस गेली.

"ते तुझं औषध ओल्यावर बसत नाही म्हणतीस?"

"नाही बसत."

"डांबर बसतं," आबा म्हणाले. "डांबर मिळतं का इकडं?"

मिळतं. छपराच्या गळतीला लावायचं, डब्यातलं, ओल्या जागेवरही चालतं असं वर लिहिलेलं. आबांनी झाकण उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. "पाणचट आहे. पण भागंल." मग म्हणाले कापड पाहिजे, जुनं, निव्वळ सुती. आमच्या घरात आबांची नेसायची धोतरं सोडली तर सगळं पॉलिस्टर. शेवटी यतीनने कपाटाच्या वरच्या खणातून लग्नातलं स्वतःचं धोतर काढून दिलं. "घ्या आबा," तो म्हणाला. "एकदाच नेसलो होतो, तेव्हाही सुटत होतं." आबा हसले. मी धावत जाऊन ग्लेनिसला विचारून आले, कारण बोट तिच्या नवऱ्याची; फायबरग्लासवर डांबर फासणं म्हणजे फोरमवरच्या म्हाताऱ्यांना घेरी आली असती. ग्लेनिस म्हणाली, "मॉरिसने पहिली दोन वर्षं डांबरच लावलं होतं. मग शिकारी क्लबमधले बाकीचे चकाचक बोटी घेऊन यायला लागले, त्याला लाज वाटली, म्हणून वरून ते फायबरग्लास चढवलं."

आणि मग चार दिवस माझ्या बापाने माझ्यावर जे राज्य केलं! मी सुट्टी टाकली होती. गरम पाण्याच्या पातेल्यात डांबराचा डबा ठेवायचा, पातळ झालं की फटीत भरायचं, त्यावर धोतराची पट्टी, वरून परत डांबर, आणि अंगठ्याने दाबत दाबत हवा काढायची. "हात चालव, हात. भात कालवू राहिलीस का?" "अगं तिकडं नाही, इकडं. डोळे कुठं ठेवून आलीस, दवाखान्यात?" मी ब्याण्णव सालातल्या पोरीसारखी "हो आबा, हो आबा" करत होते. ते गाणं म्हणायला लागले तेव्हा मी ब्रश तसाच धरून थांबले, तर लगेच ओरडले, "डांबर सुकू राहिलं!" आमच्या गॅरेजपुढच्या ड्राइव्हवर पैठणच्या काठाचा वास सुटला होता. शेजारपाजारच्यांना तो अजिबात आवडला नसणार. मला मात्र पोट भरून घ्यावासा वाटत होता, इतकी मी त्या वासाला मुकले होते.

पाच ऑक्टोबर, रविवार. ऊन स्वच्छ, वारा नावालाच. ट्रेंट नदीच्या बाजूला खडी काढून काढून तळी झालेली आहेत; त्यातलं एक मॉरिसच्या शिकारी क्लबचं. ग्लेनिसने परवानगी काढून ठेवली होती आणि स्वतः खुर्ची घेऊन काठावर बसायला आली होती. यतीनने व्हॅन भाड्याने आणली. आम्ही तिघांनी मिळून पंट पाण्यात ढकलली. काळे चट्टे मारलेली, ठिगळ लावलेली, दिसायला भयंकर. पण तरंगली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आत थेंब नाही. ग्लेनिसने टाळ्या वाजवल्या.

आबा मात्र घाई करेनात. वर बघून वाऱ्याचा अंदाज घेतला. चहा मागितला. कप विसळला. परत एकदा सगळ्या शिवणींवरून हात फिरवला. मला वाटलं, भरून आलंय त्यांना. यतीनने लाइफ जॅकेट पुढे केलं तेव्हा मी वादाची तयारी ठेवली होती, कारण आमच्याकडे असलं काही कुणी घालत नाही. पण आबांनी ते निमूट घातलं आणि पट्टे तीनदा ओढून बघितले.

मी पुढे बसले, ते मागे. वल्हं त्यांच्या हातात दिलं. पहिल्या दोन हातांना पंट वाकडी गेली, मग सरळ झाली. काय सांगू! शहात्तर वर्षांचा माणूस, पाण्याचा आवाजसुद्धा न करता तो मला तळ्याच्या मधोमध घेऊन गेला. पलीकडे लव्हाळ्यात बदकं होती, तपकिरी डोक्याची. मी मागे न बघता म्हणाले, "आले बघा पाहुणे." मी आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही हे मला कळत होतं. मी वळून बसले.

"आबा, मी तुम्हाला पाणी सोडायला लावलं. तेव्हा फोनवर. मला लाज वाटते असं म्हणाले. मला माफ करा."

आबांनी वल्हं आडवं मांडीवर घेतलं.

"तुझ्या फोनमुळं नाही सोडलं बाई," ते म्हणाले.

"मग?"

"भ्यालो होतो." त्यांनी पाण्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत होते. "तुझा मामा माझ्या हातातून सुटला. त्याच्यानंतर दोनदा गेलो नाव घेऊन, दोन्ही बारीला काठावरूनच परत आलो. भोयाचा माणूस पाण्याला भ्याला, हे सांगू कुणाला? तेवढ्यात तुझा फोन आला. लई बरं वाटलं मला. सगळ्यांना सांगितलं, पोरगी नको म्हणते. झालं."

"आईला?"

"तिलाही तेच सांगितलं."

माझा भडका उडायला हवा होता. उडालाही, अर्ध्यापर्यंत. "बावीस वर्षं, आबा! बावीस वर्षं आई मला ऐकवत राहिली, आणि मी…"

"व्हय," ते म्हणाले. "तुझ्या नावावर लपलो मी. माफी मीच मागायला पाहिजे."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. एका हातात वल्हं होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी पंटीचा काठ धरला होता, इतका घट्ट की नखं पांढरी पडली होती. मी पाठमोरी बसले होते तेव्हाही, दर फटक्यानंतर, तो हात तिथेच जात असणार.

"आत्ताही भीती वाटतेय?"

"लई."

"मग आज बसलात कशाला? नाही म्हणायचं होतं की!"

"पाच आठवडे तू घासू राहिली होतीस," आबा म्हणाले. "अंगाला खाज सुटली तरी घासू राहिली होतीस. म्हणलं, एवढी खटपट कामून चालली ते काय मला कळत नाही का? म्हणून बसलो."

मी नुसता हात पुढे केला. त्यांनी वल्हं माझ्या हातात दिलं आणि मग दोन्ही हातांनी काठ धरला. किनाऱ्यावरून यतीन फोटोसाठी हात हलवत होता, अजून एक चक्कर मारा म्हणून ओरडत होता. मी पंट वळवली आणि जमेल तेवढ्या लवकर आबांना जमिनीवर घेऊन आले.